साउंड कार्डमधील ऑप-अ‍ॅम्प बदलताना: आधी मोजमाप, मग चिप

संगणकाच्या साउंड कार्डमधील ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारी किंवा न बिघडवता पुढे पाठवणारी छोटी चिप) बदलणे हे हाताचे काम म्हणून पाहिले तर दहा मिनिटांचे आहे. सॉकेटमधून आठ पायांची एक चिप उपसायची आणि तिच्या जागी दुसरी बसवायची, एवढाच त्याचा व्याप. कोणती चिप कोणत्या जागी शोभेल, बसवलेली चिप तेथे स्थिर चालते आहे की नाही, आणि आवाजात पडलेला फरक खरा आहे की मनाचा खेळ आहे, हे ठरवायला मात्र अख्खी संध्याकाळ खर्ची पडते. या लेखाचा बहुतेक भाग त्या संध्याकाळीविषयी आहे. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी: ऑप-अ‍ॅम्पला स्वतःचा असा ‘आवाज’ नसतो. तो ज्या परिपथात बसतो, त्या परिपथाच्या गरजा त्याला पुरवता आल्या तर तो जवळपास अदृश्य होतो आणि पुरवता आल्या नाहीत तर त्याच्या उणिवा ऐकू येतात. त्यामुळे ‘सर्वांत चांगला ऑप-अ‍ॅम्प कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न नेहमी ‘या जागेसाठी कोणता’ असा विचारावा.

सिग्नलची वाट

डिजिटल आकड्यांचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, ही साउंड कार्डच्या ॲनालॉग भागाची सुरुवात होय. काही डॅकमधून थेट व्होल्टेज बाहेर पडते, तर वरच्या दर्जाच्या अनेक डॅकमधून व्होल्टेजऐवजी करंट बाहेर पडतो. बर-ब्राउन मालिकेतील पीसीएम१७९२ए आणि पीसीएम१७९४ए ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. या करंटचे व्होल्टेज करणारा पहिला टप्पा ऑप-अ‍ॅम्पचा असतो, आणि बोलीभाषेत त्याला ‘आय-व्ही’ टप्पा म्हणतात. अशा डॅकमधून प्रत्येक वाहिनीसाठी परस्परविरुद्ध कलेचे दोन करंट निघत असल्यामुळे एका वाहिनीला दोन ऑप-अ‍ॅम्प, म्हणजेच एक दुहेरी चिप लागते. पुढच्या टप्प्यात हे दोन सिग्नल वजा करून त्यांचा एक केला जातो, उच्च वारंवारतेचा गाळ फिल्टरने काढला जातो आणि मग सिग्नल बाहेरच्या जॅककडे रवाना होतो. या शेवटच्या ऑप-अ‍ॅम्पला सामान्यतः बफर म्हटले जाते.

असूसचे झोनार इसेन्स एसटीएक्स हे कार्ड या रचनेचा नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवता येईल. त्यात पीसीएम१७९२ए डॅकनंतर आय-व्ही टप्प्यासाठी जेआरसी२११४ या दोन दुहेरी चिपा आणि लाइन-आउटच्या बफरसाठी एलएम४५६२ ही एक दुहेरी चिप असते, आणि तिन्ही सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात. हेडफोनसाठी असलेली टीपीए६१२०ए२ ही चिप मात्र बोर्डावर कायमची सोल्डर केलेली आहे आणि हेडफोनची वाट त्या बफरमधून जात नाही. परिणामी जो केवळ हेडफोनवर ऐकतो, त्याने बफरची चिप कितीही महागडी आणली तरी त्याच्या कानावर पडणाऱ्या सिग्नलचा आणि तिचा काही संबंध येत नाही. ही चूक फार जण करतात, आणि नंतर ‘आवाज मोकळा झाला’ असेही सांगतात. तेव्हा आपण कोणत्या जॅकवर ऐकतो आणि त्या जॅकपर्यंतच्या वाटेवर कोणत्या चिपा लागतात, हे कागदावर रेखाटल्याशिवाय पुढे जाऊ नये. नकाशा उपलब्ध नसल्यास संगणक बंद असताना मल्टिमीटर सातत्य तपासणीवर ठेवून जॅकच्या टोकापासून मागे मागे येत वाट शोधता येते. मध्ये शंभर ओहमच्या आसपासचा एखादा रोध आणि बऱ्याचदा म्यूटचा रिले लागतो. रिले बंद स्थितीत असल्याने तेथे सातत्य तुटलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये.

मदरबोर्डवरील साध्या ऑडिओबाबत एक वाक्य पुरे: तेथे बहुधा कोडेक चिपच (आकडे आणि सिग्नल यांचे दोन्ही दिशांनी रूपांतर करणारी चिप) जॅकला थेट सिग्नल पुरवते, वेगळा ऑप-अ‍ॅम्प नसतोच, आणि म्हणून बदलण्यासारखेही काही नसते.

कार्ड बदलाला योग्य आहे का

पहिली पाहणी सॉकेटची. डीआयपी-८ (दोन रांगांत चार-चार लांब पाय असलेल्या चिपेचे) सॉकेट असल्यास काम सुकर आहे. लहान आकाराची, बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेली एसओआयसी-८ चिप असल्यास गरम हवेचे उपकरण आणि बऱ्यापैकी सराव लागतो. ज्याने आजवर अशी चिप काढलेली नाही, त्याने पहिला प्रयोग चालू कार्डावर न करता एखाद्या निकामी बोर्डावर करावा. तापवताना घाई झाली की चिपखालचे तांब्याचे पॅड उखडतात, आणि ते पुन्हा बसवण्याचे काम मूळ कामाच्या दसपट असते.

दुसरी पाहणी चिप एकेरी आहे की दुहेरी याची. दोन्ही प्रकारांचे बाह्यरूप अगदी सारखे असते, आठच पाय आणि तोच आकार, पण आतली जोडणी वेगळी असते. दुहेरी चिपमध्ये पहिला आणि सातवा पाय आउटपुटचे, चौथा ऋण पुरवठ्याचा आणि आठवा धन पुरवठ्याचा असतो. एकेरी चिपमध्ये आउटपुट सहाव्या पायावर आणि धन पुरवठा सातव्या पायावर येतो. म्हणजे एकेरीच्या जागी दुहेरी चिप खोचली तर धन पुरवठा थेट दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटवर जाऊन आदळतो. क्रिएटिव्हच्या एक्स-फाय टायटेनियम एचडी या कार्डात दुहेरी आणि एकेरी, दोन्ही जातींच्या चिपा एकाच बोर्डावर आहेत. त्यामुळे चिपेवरील क्रमांक भिंगातून वाचून, तिची माहितीपत्रिका उघडून, प्रत्येक सॉकेटची जात लिहून ठेवावी.

तिसरी पाहणी पुरवठ्याच्या व्होल्टेजची आहे आणि तीच सर्वाधिक वेळा राहून जाते. पूर्वीच्या पीसीआय खाचेत धन १२ आणि ऋण १२ व्होल्ट दोन्ही मिळत असत. पीसीआय एक्सप्रेस खाचेत ऋण पुरवठा नाही, त्यामुळे कार्डाला तो स्वतः तयार करावा लागतो. काही उत्पादक तो तयार करतात आणि ॲनालॉग भागासाठी पॉवर सप्लायची वेगळी वायरही घेतात, तर स्वस्त कार्डांत ऑप-अ‍ॅम्प एकाच ५ व्होल्टवर चालवलेला असतो. दुहेरी चिपच्या चौथ्या आणि आठव्या पायांमधील व्होल्टेज चालू स्थितीत मोजले की उत्तर मिळते. २४ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर निवडीला मुबलक वाव आहे. ५ व्होल्ट आला तर ध्वनिप्रेमींमध्ये गाजलेल्या बहुतेक चिपा तेथे धड चालणारच नाहीत. ओपीए२१३४ ला किमान धन-ऋण अडीच व्होल्ट, म्हणजे एकूण ५ व्होल्ट लागतात आणि तेवढ्यावर तिचे आउटपुट फारसे हालूही शकत नाही, तर म्यूझेस०१ ही चिप धन-ऋण ९ व्होल्टच्या खाली चालवू नये असे तिचा उत्पादकच सांगतो. हे मोजताना मल्टिमीटरचे टोक घसरून शेजारच्या दोन पायांना एकदम टेकू नये म्हणून टोकावर आवरण चढवून केवळ अग्र उघडे ठेवावे.

निवड

माहितीपत्रिकेतील पहिल्या पानावरचे मोठे आकडे मोहात पाडतात, आणि त्यांपैकी सर्वांत फसवा आकडा म्हणजे स्ल्यू रेट, अर्थात आउटपुट किती वेगाने बदलू शकते याचे माप. लाइन-आउटची नेहमीची २ व्होल्ट आरएमएस पातळी घेतली तर शिखर २.८३ व्होल्टचे असते, आणि २० किलोहर्ट्झच्या सुरासाठी लागणारा वेग साधारण ०.३६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद इतकाच भरतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एनई५५३२ चा वेग ९ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, म्हणजे गरजेच्या पंचवीसपट. एलटी१३६४ ही चिप १००० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेगाने धावते म्हणून ती साउंड कार्डात अधिक ‘चपळ’ वाजेल, या समजुतीला म्हणूनच आधार नाही. उलट इतकी वेगवान चिप जराशा लांब तारेवर आणि अपुऱ्या डिकपलिंगवर (म्हणजे पुरवठ्यातील चढउतार शोषणारे कपॅसिटर पुरेसे जवळ नसताना) मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आंदोलने, म्हणजे सिग्नल नसतानाही आपोआप कंपने, करू लागते. आय-व्ही टप्पा हा याला थोडासा अपवाद आहे. डॅकमधून श्राव्य पट्ट्याबाहेरचा पुष्कळ गाळ बाहेर पडतो आणि तो पहिल्या ऑप-अ‍ॅम्पलाच झेलावा लागतो, त्यामुळे तेथे १५ ते ३० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आणि काही दशक मेगाहर्ट्झची बँडविड्थ असणे हिताचे ठरते.

गोंगाटाचा हिशेब अधिक उपयोगाचा आहे. एनई५५३२ चा इनपुट गोंगाट ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, एलएम४५६२ चा २.७, ओपीए२१३४ चा ८ आणि ओपीए१६१२ चा १.१ आहे. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ५ नॅनोव्होल्टचे ०.७ मायक्रोव्होल्ट होतात, आणि २ व्होल्टच्या तुलनेत ते सुमारे १२९ डेसिबल खाली आहेत. परिपथाच्या गुणकामुळे (सिग्नल किती पट वाढतो त्या आकड्यामुळे) त्यात सहा डेसिबलची भर पडली, तरी पंख्यांची घरघर असलेल्या कोणत्याही खोलीत ते ऐकू येणे नाही. शिवाय चिपच्या भोवतीचे रोध स्वतःही गोंगाट करतात: १ किलोओहमचा रोध ४ आणि १० किलोओहमचा सुमारे १३ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ. आय-व्ही टप्प्यात रोध सातशे-आठशे ओहमचे असतात, म्हणून तेथे कमी गोंगाटाच्या बायपोलर (साध्या ट्रान्झिस्टरच्या इनपुटच्या) चिपेचा थोडाफार लाभ दिसतो. जेथे रोध १० किलोओहम किंवा अधिक आहेत, तेथे मात्र बायपोलर चिपेच्या इनपुट करंटचा गोंगाट त्या रोधावरून वाहून व्होल्टेज बनतो. एलएम४५६२ चा करंट गोंगाट १.६ पिकोअँपिअर धरला तर १० किलोओहमवर त्याचे १६ नॅनोव्होल्ट होतात आणि २.७ चा सारा डामडौल व्यर्थ जातो. अशा ठिकाणी ओपीए२१३४ किंवा ओपीए१६४२ यांसारखी जेफेट (इनपुटला नगण्य करंट घेणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) इनपुटची चिप, कागदावर अधिक गोंगाटी दिसत असूनही, प्रत्यक्षात शांत ठरते.

यावरून साध्या शिफारशी निघतात. मूळ चिप ४५५८ जातीची असेल तर एनई५५३२, एनजेएम२११४ किंवा एलएम४५६२ यांपैकी कोणतीही चिप ही खरी सुधारणा आहे आणि ती मोजमापात निश्चित दिसते. मूळ चिप ५५३२ किंवा २११४ असेल तर एलएम४५६२ किंवा ओपीए१६१२ ने विकृतीचा आकडा आणखी खाली जाऊ शकतो, परंतु तो कानाला कळेल याची हमी मी देणार नाही. मूळ चिप एलएम४५६२ च असेल तर माझ्या मते तिला हात लावू नये. आय-व्हीच्या दोन चिपा नेहमी एकाच प्रकारच्या आणि एकाच वेळी बदलाव्यात, कारण त्यांपैकी एक डाव्या आणि दुसरी उजव्या वाहिनीची असण्याचा संभव असतो.

स्थैर्याविषयी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एक गुणकावर स्थिर नसलेल्या चिपा बफरच्या जागी वापरू नयेत. ओपीए६२७ आणि ओपीए६३७ या एकाच घराण्यातील चिपा आहेत, पण ६३७ ही पाच किंवा अधिक गुणकासाठीच बनलेली आहे. तसेच एकेरी एनई५५३४ ही तीनपेक्षा कमी गुणकावर बाहेरचा कपॅसिटर लावल्याशिवाय स्थिर राहत नाही, जरी तिची दुहेरी बहीण ५५३२ राहत असली तरी.

चिप मिळवताना

ओपीए६२७ आणि म्यूझेस यांसारख्या महाग चिपांच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. स्वस्त चिपेवरील छपाई घासून तेथे महागड्या चिपेचा क्रमांक उमटवलेला असतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अधिकृत वितरकांची यादी असते, तेथूनच खरेदी करावी. डीआयपी आवृत्ती केव्हाच बंद झालेली किंवा कधी निघालीच नसलेली चिप डीआयपी स्वरूपात कोणी विकत असेल, तर वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. ओपीए१६१२ ही त्यांतलीच: ती लहान पृष्ठभागी स्वरूपात येते आणि डीआयपी सॉकेटसाठी तिला छोट्या अ‍ॅडॉप्टर बोर्डावर सोल्डर करावे लागते. अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर पुरवठ्याच्या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवण्याची जागा आहे ना, ते पाहावे. अ‍ॅडॉप्टरमुळे चिप कार्डावरील डिकपलिंगपासून काही मिलिमीटर दूर जाते आणि वेगवान चिपेला अस्थिर व्हायला तेवढे अंतरही पुरते. दोन एकेरी चिपा एका दुहेरी सॉकेटवर चढवणारे उंच अ‍ॅडॉप्टर वापरायचे असल्यास शेजारच्या ग्राफिक्स कार्डाला ते टेकत नाहीत ना, हेही आधी मोजावे.

आधीचे मोजमाप

जुनी चिप उपसण्यापूर्वीची स्थिती नोंदवलेली नसेल तर नंतरच्या कोणत्याही दाव्याला अर्थ उरत नाही. यासाठी कार्डाच्या लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये एक लहान, चांगले आवरण असलेली वायर जोडावी. राइटमार्क ऑडिओ अ‍ॅनालायझर किंवा रूम ईक्यू विझार्ड यांपैकी एखादे सॉफ्टवेअर घ्यावे. कार्ड २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर ठेवावे, सर्व प्रकारचे इफेक्ट, इक्वलायझर आणि आभासी सराउंड बंद करावेत. १ किलोहर्ट्झचा सूर पूर्ण पातळीच्या १ डेसिबल खाली वाजवून इनपुट कापले जाणार नाही अशी पातळी ठरवावी आणि ती पातळी लिहून ठेवावी, कारण बदलानंतर हीच पातळी पुन्हा लावायची आहे. त्यानंतर विकृती, गोंगाट, वाहिन्यांमधील गळती आणि वारंवारता प्रतिसाद असे चार आलेख साठवावेत. प्रत्येक मोजमाप किमान तीनदा घ्यावे. तीन वाचनांत आपोआप जेवढा फरक पडतो, त्याहून लहान फरकाला सुधारणा म्हणू नये.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात असावी. मोजणाऱ्या बाजूला त्याच कार्डाचा एडीसी (ॲनालॉग सिग्नलचे पुन्हा आकडे करणारी चिप) आणि त्याचे स्वतःचे ऑप-अ‍ॅम्प असतात, आणि जे दिसते ते दोन्ही बाजूंच्या दोषांची बेरीज असते. चांगल्या कार्डात विकृतीचे घटक मूळ सुराच्या १०० डेसिबलहून अधिक खाली असतात. त्या खोलीवर एडीसीच बोलत असेल, तर आउटपुटची चिप बदलून आलेखात काहीच हलणार नाही.

गोंगाटाच्या आलेखात ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्यांच्या पटीतील काटे उभे दिसत असतील, किंवा माउस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर ऐकू येत असेल, तर दोष ऑप-अ‍ॅम्पचा नाही. तो ग्राउंडच्या जोडणीचा, पॉवर सप्लायचा किंवा शेजारच्या ग्राफिक्स कार्डाचा आहे. कार्ड दुसऱ्या खाचेत हलवणे आणि संगणक व अ‍ॅम्प्लिफायर एकाच विस्तार-पट्टीवर जोडणे हे दोन बिनखर्ची उपाय आधी करून पाहावेत. अनेकांचे समाधान येथेच होते आणि चिप मागवण्याची वेळ येत नाही.

प्रत्यक्ष बदल

संगणक बंद करून मागचा मुख्य स्विच बंद करावा, वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये उरलेला भार निघून जातो. स्थिर विद्युत टाळण्यासाठी मनगटाचा पट्टा वापरावा. तो नसल्यास दर थोड्या वेळाने पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. कार्डाची पुरवठ्याची वायर सोडवून, ब्रॅकेटचा स्क्रू काढून, खाचेची कडी दाबून कार्ड सरळ वर उचलावे. झोनार इसेन्ससारख्या कार्डावर ॲनालॉग भागावर धातूचे आवरण असते. त्याचे स्क्रू बारीक असतात, ते एका झाकणात जमा करून ठेवावेत.

आता प्रत्येक सॉकेटचे जवळून छायाचित्र घ्यावे. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच किंवा कोपऱ्यात ठिपका असतो. खाच वर धरली असता डावीकडचा वरचा पाय पहिला आणि तेथून घड्याळाच्या उलट दिशेने क्रमांक वाढत जातात. एकाच कार्डावरील सर्व चिपांच्या खाचा एकाच दिशेला असतीलच असे गृहीत धरू नये. एकदा मी तसे गृहीत धरले होते. चिप उलटी बसली की चौथा आणि आठवा पाय एकमेकांच्या जागी येतात, पुरवठा उलटा लागतो आणि चिपेच्या अंगातूनच करंट धो धो वाहू लागतो. माझी चिप काही सेकंदांत गेली. कार्ड वाचले, ते केवळ वास येताच मी मुख्य स्विच बंद केला म्हणून.

जुनी चिप काढण्यासाठी चिमटा किंवा अरुंद चपटा स्क्रूड्रायव्हर वापरावा. चिप आणि सॉकेट यांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून एका टोकाकडून किंचित, मग दुसऱ्या टोकाकडून किंचित असे आळीपाळीने उचलावे. स्क्रूड्रायव्हर चुकून सॉकेट आणि बोर्ड यांच्या फटीत गेला तर सॉकेटच उखडेल. एका दमात एका बाजूने उचलल्यास दुसऱ्या बाजूचे पाय वाकतात. निघालेली चिप वाहक फोममध्ये खोचून त्यावर तिची जागा लिहावी.

नव्या डीआयपी चिपेचे पाय कारखान्यातून थोडे बाहेर फाकलेले येतात, आणि सॉकेटच्या दोन रांगांमधील अंतर ७.६२ मिलिमीटर असते. चिप आडवी धरून एका बाजूचे चारही पाय सपाट टेबलावर टेकवून हलकेच आत दाबावेत, मग दुसऱ्या बाजूचे. पाय एकेक करून पकडीने वाकवू नयेत, रांग वेडीवाकडी होते. खाच जुळवून, आठही पाय आठही छिद्रांच्या तोंडाशी आहेत हे भिंगातून पाहून, दोन्ही टोकांवर समान दाब देत चिप बसवावी. बसल्यावर पुन्हा बाजूने पाहावे: एखादा पाय चिपेच्या पोटाखाली दुमडला गेला असेल तर वरून तो अगदी नीट बसल्यासारखा दिसतो.

पहिल्यांदा वीज देताना

जॅकमध्ये हेडफोन, स्पीकर काहीही नसताना संगणक चालू करावा. कार्ड ओळखले गेले आणि म्यूटचा रिले नेहमीप्रमाणे टकटकला, तर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून लाइन-आउटच्या मध्य टोकावर आणि ग्राउंडवर, डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांत, डीसी मोजावा. काही मिलिव्होल्ट असणे स्वाभाविक आहे. वीसच्या पुढे गेल्यास कारण शोधावे, पन्नासच्या पुढे गेल्यास हेडफोन जोडू नये, आणि काही व्होल्ट दिसल्यास तत्काळ बंद करून दुमडलेला पाय शोधावा. येथे एक फसवी जागा आहे. मोजमाप थेट आय-व्ही चिपेच्या आउटपुट पायावर केले तर करंट देणाऱ्या डॅकमध्ये तेथे मोठा डीसी असतोच. पीसीएम१७९२ए चा मध्यबिंदू ६.२ मिलिअँपिअरवर असतो, त्यामुळे ७५० ओहमच्या रोधावर साडेचार व्होल्टहून अधिक डीसी दिसतो. दोन्ही कलांवर तो सारखाच असल्याने पुढच्या वजाबाकीत नाहीसा होतो. त्याला बिघाड समजून चांगली चिप उपसणारे लोक मी पाहिले आहेत.

नंतर तापमान. एलएम४५६२ शांत अवस्थेत दोन्ही ऑप-अ‍ॅम्प मिळून सुमारे १० मिलिअँपिअर घेते, म्हणजे २४ व्होल्टवर पाव वॅटच्या आसपास, आणि डीआयपी स्वरूपात तिचे तापमान परिसरापेक्षा साधारण २५ अंशांनी वर जाते. पेटीच्या आत आधीच ४० अंश असतील तर चिप ६५ अंशांवर पोहोचते, म्हणून ती बोटाला चांगलीच गरम लागणे हा दोष नव्हे. मात्र तीन चिपांपैकी एकच इतरांहून स्पष्ट अधिक तापत असेल, किंवा बोट टेकताच झटक्यात मागे घ्यावे लागत असेल, तर ती आंदोलने करीत असण्याची शक्यता मोठी आहे. ऑसिलोस्कोप हाती असल्यास प्रोब दहा-पटीवर ठेवून आउटपुट पाहावे. काहीही वाजत नसताना मेगाहर्ट्झचा जाड पट्टा दिसला की निदान झाले. ऑसिलोस्कोप नसल्यास गरम चिप, वाढलेला डीसी, आणि लुपबॅकमध्ये (लाइन-आउट लाइन-इनला जोडून घेतलेल्या मोजमापात) अचानक उंचावलेला गोंगाटाचा तळ या तिन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. उपाय म्हणून चौथ्या आणि आठव्या पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर शक्य तितक्या आखूड पायांनी लावून पाहावा. तेवढ्याने आंदोलने थांबली नाहीत तर ती चिप त्या जागेची नाही असे समजून मूळ चिप परत बसवावी. फीडबॅकमधील (आउटपुटवरून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवरील) कपॅसिटर बदलत बसण्याचा मार्गही आहे, पण त्याने फिल्टरचे गणित बिघडते.

हे सर्व निभावल्यावर प्रथम एखादा जुना, गेला तरी हळहळ वाटणार नाही असा हेडफोन लावून अत्यंत कमी आवाजात दोन्ही वाहिन्या तपासाव्यात, मग आधीसारखेच लुपबॅकचे सर्व आलेख त्याच पातळीवर पुन्हा काढावेत. पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळायला हवी, कारण गुणक रोध ठरवतात, चिप नव्हे. नवी चिप बसवल्यावर आवाज ‘मोठा’ झाल्याचे मोजमापात दिसले तर ती सुधारणा नसून बिघाडाची खूण आहे.

कानाची परीक्षा

चिप बदलायला लागणारी दहा मिनिटे आवाजाच्या स्मरणासाठी फार मोठी असतात. बारीक फरकांची आठवण कानात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, आणि नुकतीच मेहनत घेतलेली असल्याने मन आधीच फितूर झालेले असते. यावर एक प्रामाणिक तोड आहे. चिप बदलण्यापूर्वी आपल्या परिचयाच्या तीन-चार ध्वनिफितींचे प्रत्येकी एक मिनिट लाइन-आउटमधून लाइन-इनद्वारे २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवावे, बदलानंतर तेच तुकडे त्याच पातळीवर पुन्हा मुद्रित करावेत, दोन्ही फायलींची सुरुवात एका नमुन्याच्या अचूकतेने जुळवावी आणि फूबार२००० च्या एबीएक्स घटकात त्यांची आंधळी तुलना करावी. सोळा फेऱ्यांपैकी बारा किंवा अधिक बरोबर आल्या तर फरक ऐकू येतो असे मानायला जागा आहे, कारण निव्वळ नाणेफेकीने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. आठ-नऊ बरोबर आल्या तर कान नाणेफेक करीत आहेत. फेऱ्यांची संख्या आधीच ठरवावी, निकाल मनासारखा येईपर्यंत फेऱ्या वाढवीत नेऊ नये. नव्या चिपेला शंभर तास ‘मुरू’ द्यावे लागते असे सांगितले जाते. पहिल्या तासाचे आणि महिन्यानंतरचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहण्यास कोणाचीच हरकत नाही. माझ्याकडे ते एकावर एक बसले.

पत्र्याच्या पट्टीचे साधे सॉकेट वारंवारच्या काढघालीसाठी बनलेले नसते. काही वेळा काढघाल झाल्यावर त्याची पकड सैल होते आणि एखादी वाहिनी अधूनमधून खरखरू लागते, तेव्हा चिपा बदलून पाहण्याचा हा सोहळा तीन-चार वेळांत आटोपता घ्यावा. निवड पक्की झाल्यावर धातूचे आवरण परत चढवावे, त्याचा कोणताही भाग अ‍ॅडॉप्टरला टेकत नाही याची खात्री करावी, पेटी बंद करावी आणि ग्राफिक्स कार्डावर भार देणारा एखादा खेळ सुरू ठेवून गोंगाटाचे मोजमाप शेवटचे एकदा घ्यावे. उघड्या पेटीत घेतलेला आकडा आणि बंद पेटीतला आकडा बहुधा जुळत नाहीत, आणि रोजचे ऐकणे तर बंद पेटीतच व्हायचे आहे.